मेलेल्या पाणघोड्यापाशी तीन दिवस

मसाऊसो न्जोव्हूला जंगलातल्या वीस वर्षांच्या नोकरीत सिंहाची भीती कधी वाटली नाही. त्याला भीती वाटायची ती वासाची. हत्ती अंगावर धावून आला तर तो गाडी बंद करून दगडासारखा बसे, पण शेजारी कुणी सुक्या मासळीची पुडी सोडली की याच्या पोटात ढवळायला लागे. त्याच्या खिशात कायम निलगिरीची पानं गुंडाळलेला रुमाल असायचा. कॅम्पवरचे बाकीचे गाइड त्याला 'नवरीबाई' म्हणत, आणि हा ते हसून सोडून देई.

ऑक्टोबर सरत आला होता. लुआंग्वा नदी आटून वाळूतल्या डबक्यांपुरती उरली होती आणि तेवढ्या पाण्यावरून पाणघोड्यांच्या रोज मारामाऱ्या होत होत्या. अशाच एका मारामारीत एका म्हाताऱ्या नराची कूस फाटली. दोन दिवस तो फरफटत फिरला आणि तिसऱ्या दिवशी चिंचेच्या मोठ्या झाडाखाली वाळूत आडवा झाला तो उठलाच नाही. त्यावर त्या महिन्यातलं ऊन. बाकीचे गाइड आपल्या पाहुण्यांना लांबचा वळसा घालून नेऊ लागले.

नेमक्या त्याच आठवड्यात राजधानीहून, लुसाकाहून, कपेंब्वाबाई आल्या.

बाई एकट्याच आल्या होत्या. वय चौसष्ट, अंगाने भरलेल्या, डोक्याला चितेंगेच्या छापील कापडाचं फडकं, गळ्यात मुसळाएवढ्या लेन्सचा कॅमेरा. एकतीस वर्षं सरकारी कत्तलखान्यात मांस तपासनीस होत्या. कुठलं मांस बाजारात जायचं आणि कुठलं जाळायचं, हे त्यांचा शिक्का ठरवायचा. निवृत्त झाल्यावर मुलींनी हौसेने कॅमेरा घेऊन दिला, तेव्हापासून वर्षातून एकदा त्या जंगलात येत. संध्याकाळी शेकोटीपाशी मसाऊसो नेहमीप्रमाणे विचारायला गेला, की उद्या काय काय बघायचंय. सगळे सांगतात सिंह, बिबट्या, रानकुत्री. बाईंनी विचारलं, "इथं मेलंय काय काय?"

मसाऊसोला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"मेलेलं, पोरा, मेलेलं. जिवंत जनावर मी रोज बघतेय घरात, नवरा आहे मला. मला गिधाडं हवीत."

पलीकडे बसलेल्या गाइडांनी एकमेकांना कोपरं मारली. मसाऊसोच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता तो बाईंना घेऊन चिंचेपाशी पोचला. त्याने गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चांगली लांब उभी केली. बाईंनी नुसती मान हलवली. सूर्य पाठीशी हवा होता. सूर्य पाठीशी घ्यायचा तर गाडी खालच्या अंगाला न्यावी लागणार, म्हणजे सगळा वारा पाणघोड्यावरून निघून थेट तोंडावर. मसाऊसोने रुमाल नाकाला लावला आणि गाडी नेली. वीस पावलांवर इंजिन बंद केलं.

पाणघोडा फुगून दुप्पट झाला होता. कातडी काळीनिळी पडून ताणली गेली होती, जागोजाग फुटून तिच्यातून पिवळट पाणी गळत होतं, आणि त्या पाण्यावर माश्यांचा थर असा बसला होता की कातडी आपोआप हलतेय असं वाटावं. मागच्या बाजूने तरसांनी रात्रीच भगदाड पाडलं होतं. त्या भगदाडातून मधूनच बुडबुडा फुटल्यासारखा आवाज येई आणि मग जो भपका येई, तो निलगिरीच्या बापालाही आवरला नसता. मसाऊसोने जेमतेम दार उघडलं, टायरला धरून वाकला आणि सकाळचा चहा बाहेर काढला.

वरून बाईंचा आवाज आला, "झालं का? आता जरा बाजूला हो, तो टकल्या करकोचा तुझ्या मागनं सुरेख दिसतोय."

तो वर येऊन बसला तेव्हा बाई डबा उघडून विटुंबुवा खात होत्या. तळलेले गोल गोड गोळे, बोटांना तेल. एक त्याच्यापुढे धरला.

"नको, अमाई."

"खा रे. उंदीर भाजून खाणारी तुम्ही पूर्वेकडची माणसं, आणि नाक बघा केवढं नाजूक!"

"आणि तुम्ही बेंबा लोक माकड शिजवता त्याचं काय? माणसासारखे हात वर आलेले असतात म्हणे रश्शात."

बाई खदखदून हसल्या. पूर्वेकडच्यांनी बेंबांना आणि बेंबांनी पूर्वेकडच्यांना असं डिवचायचंच असतं, त्यात रागवायचं नसतं. त्या हसण्याने मसाऊसोला जरा बरं वाटलं, पण विटुंबुवा काही त्याने घेतला नाही.

ऊन चढलं तशी गिधाडं उतरायला लागली. आभाळात ठिपका दिसे, ठिपक्याचा दगड होई आणि दगड पाय सोडून वाळूवर आदळे. पन्नास झाली, साठ झाली. मारामारी, फिस्कारे, पंखांची फडफड. एकेकाने भगदाडात मान खुपसायची आणि ती खांद्यापर्यंत लडबडवून बाहेर काढायची. मसाऊसो डोळे मिटून बसला. शेजारी मात्र बाईंचा कॅमेरा कटकट कटकट चालला होता आणि मधूनमधून त्या चक्क गुणगुणत होत्या. एखादी चांगली तसबीर साधली की पोरीसारख्या खुसखुसत.

"डोळे उघड," त्या म्हणाल्या. "ते मोठं बघ, गुलाबी डोक्याचं. बाकी सगळी त्याला वाट देतायत, दिसलं का? कातडी फाडायची ताकद त्याच्याच चोचीत. आमच्याकडे असाच एक कसाई होता. तो आल्याशिवाय बाकीचे सुरीला हात लावायचे नाहीत."

"अमाई, तुम्हाला किळस नाही येत?"

बाईंनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "आली ना. पहिले सहा महिने रोज आली. आणि येतेच अजून. किळस हे चांगलं हत्यार आहे पोरा. माझा पगार त्याच्यावर चालला. पण कशाची करायची ते शिकावं लागतं. हे जे समोर आहे ते घाण आहे, पण खोटं नाही. बाजारात मी लालबुंद, ताजंताजं दिसणारं मांस जाळलंय, औषध चोळलेलं. त्याची मला खरी शिसारी यायची." मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा त्याच्या हातात कोंबला. "घे. वीस वर्षं लोकांना 'उजेड डावीकडून आहे' सांगतोयस ना? आता स्वतः बघ."

कॅमेरा अपेक्षेपेक्षा जड होता. मसाऊसोने नाकावरचा रुमाल काढला, कारण दोन्ही हात लागणार होते. भिंगातून ते गिधाड एकदम हातभर अंतरावर आलं. त्याच्या उघड्या गुलाबी मानेच्या घड्या, पापण्यांवरचे बारीक काळे केस, चोचीच्या टोकाला लोंबणारा दोर्‍यासारखा तुकडा. डोळा तपकिरी, ओला. तो डोळा सरळ त्याच्याकडे वळला आणि मसाऊसोचं बोट आपोआप दाबलं गेलं. कट. मग परत. भगदाडातून एक तरस बाहेर आला, डोक्यापासून छातीपर्यंत लाल, आणि आंघोळ घातलेल्या मुलासारखा वाळूत बसकण मारून डोळे मिटून उन्हाला तोंड करून राहिला. कट, कट, कट. किती वेळ गेला कळलं नाही. कॅमेरा खाली घेतला तेव्हा वास पुन्हा तोंडावर आदळला आणि तो पुन्हा टायरकडे धावला. पण ओकून वर आला तो हसतच. बाईंनी पुढे धरलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "अमाई, अजून एकदा द्याल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वेझी म्वालेची गाडी तिथे आली.

वेझी आणि मसाऊसो एकाच गावचे. शाळेत एका बाकावर बसले, एकाच डबक्यात मासे धरले. वेझी पुढे शिकला, फोटोग्राफर झाला, आता परदेशी पाहुण्यांच्या टोळ्या घेऊन जंगलाजंगलांतून फिरायचा. त्याचे फोटो मासिकांत येत. गावात कुठेही त्याचं नाव निघालं की मसाऊसो सांगायचा, माझा दोस्त आहे. गाडीत तीन पाहुणे होते. तिघांनीही नाकं दाबून धरली होती. वेझी उतरला, अंगाला छान साबणाचा वास, शर्ट इस्त्रीचा.

"अरे नवरीबाई! तू? आणि इथं?"

"पाहुण्यांची आवड," मसाऊसो म्हणाला. दोघांनी हात हातात घेऊन बराच वेळ सोडले नाहीत.

वेझी त्याला गाडीआड घेऊन गेला आणि आवाज खाली करून म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस आहे यांचा. अजून झोपलेले सिंह सोडून काही मिळालं नाही. तोंडं बघतोयस ना? काहीतरी घडतंय असं हवंय त्यांना. काही आहे का तुझ्याकडे?"

मसाऊसोकडे होतं. आठ दिवसांपूर्वी त्याने एका सिंहिणीला तोंडात पिल्लू धरून जाताना पाहिलं होतं. चिंचेपासून दोनशे पावलांवर, बोरूच्या बेटामागे एक घळ होती, त्यात तिने दोन पिल्लं लपवली होती. डोळे नुकते उघडलेली. अशी आई दिसली तर गाइड एकमेकांनाही सांगत नाहीत. पिल्लं चालायला लागेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, हे ठरलेलं. त्याने कॅम्पवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पण समोर वेझी होता, आणि वेझी आपल्याकडे काहीतरी मागतोय याचं त्याला कुठेतरी सुख झालं.

"लांबून बघशील?" त्याने विचारलं.

"लांबूनच. तुझी शपथ."

मसाऊसोने बोट करून घळ दाखवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणघोडा खचला होता. फुगा गेला होता, बरगड्यांचा पिंजरा वर आला होता आणि आत काळा चिखल. सहा तरस त्याच्याभोवती होते. मसाऊसोने आज रुमाल आणलाच नव्हता. वास तेवढाच होता, पण आता तो ओळखीच्या माणसासारखा झाला होता, त्रासदायक पण घरचा. बाई एका छोट्या गिधाडाच्या मागे लागल्या होत्या. त्याला कुणी जवळ येऊ देत नव्हतं आणि ते उरलंसुरलं चोरून पळत होतं.

तेवढ्यात बोरूच्या बाजूने आवाज आला. पिल्लाच्या केकाटण्याचा. बारीक, फाटका, जीव जातोय असा. मसाऊसो ताडकन उभा राहिला. तो आवाज थांबला, आणि बरोबर तेवढ्याच अंतराने, तसाच, त्याच जागी फाटत परत सुरू झाला.

"हे जनावर नाही," बाई म्हणाल्या.

वेझीची गाडी घळीपासून शंभर पावलांवर मोकळ्या वाळूत उभी होती. टपावर एक काळी पेटी होती आणि केकाटणं त्या पेटीतून येत होतं.

सिंहीण बोरूतून सुटली ती बाणासारखी. कान मागे, तोंड उघडं, सरळ त्या पेटीकडे. पाहुण्यांचे कॅमेरे एकदम वाजायला लागले. ती गाडीपासून दहा पावलांवर थबकली, गरगर फिरली, हुंगत राहिली. पिल्लू ओरडतंय आणि पिल्लू नाही. तिने गाडीभोवती एक फेरी घातली, हाका मारल्या. पेटीने उत्तर दिलं. ती परत धावली.

पाणघोड्यावरच्या तरसांनी माना वर केल्या होत्या. त्यांनीही आवाज ऐकला होता. दोघं निघाले, पण पेटीकडे नाही. वाऱ्यावर नाक धरून ते बोरूला वळसा घालून घळीकडे गेले.

मसाऊसोने गाडी सुरू केली आणि वाट सोडून सरळ वाळूत घातली. वाट सोडायची नाही हा तिथला पहिला नियम. वीस वर्षांत त्याने तो मोडला नव्हता. हॉर्न दाबून धरला, हाताने दार बडवत राहिला. एक तरस बिचकून पळाला. दुसरा घळीतून वर आला तेव्हा त्याच्या तोंडात काहीतरी लोंबत होतं, मळक्या लोकरीच्या मोज्यासारखं. त्याने ते एकदा झटकलं. मग सिंहीण पोचली, तरस ते टाकून पळाला, पण त्यात आता काही उरलं नव्हतं. तिने ते चाटलं, उलटं केलं, पुन्हा चाटलं. मग घळीत उतरली, दुसरं पिल्लू तोंडात धरलं आणि कुठेही न बघता नदीच्या पात्रातून पलीकडे निघून गेली.

पेटी अजून केकाटत होती. मग कुणीतरी ती बंद केली. त्या शांततेत पाहुण्यांपैकी एकाने टाळी वाजवली आणि एकाने वेझीच्या पाठीवर थाप मारली.

मसाऊसो खाली उतरला. पोटातून उमाळा आला, पण बाहेर काही पडलं नाही. नुसती कोरडी उबळ, पुन्हा पुन्हा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

वेझी चालत आला. साबणाचा तोच वास. "तू मध्ये घुसलास रे, दोन चांगले फोटो गेले. पण असू दे. मिळालं ते पुष्कळ आहे."

"लांबून म्हणाला होतास."

"लांबच होतो ना! मी हात लावला का कशाला? तरसाने आज नाही तर उद्या खाल्लंच असतं. जंगल आहे हे, मसाऊसो. तीन दिवस तू सडक्या मढ्याशेजारी बसून गोड मानून घेतोस, आणि आता नाक मुरडतोस?"

"तू तिला तिच्या पोराच्या आवाजात हाक मारलीस."

"आणि पोर कुठे आहे ते मला कुणी सांगितलं?" वेझी हसत म्हणाला. रागाने नाही, अगदी दोस्तासारखा. "घळ कुणी दाखवली? माझ्या बापाने?"

ज्या हाताने बोट दाखवलं होतं तो हात मसाऊसोने नकळत पँटला पुसला.

परत येताना बाईंनी कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहिले. शेवटी म्हणाल्या, "माझ्याकडे सगळं आलंय. टपावरची पेटी, सिंहीण, सगळं, वेळेसकट. मी राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत जाणार आहे. एकतीस वर्षं हेच केलंय, डोळ्यांसमोरून गेलेलं नासकं मी सोडत नाही. पण तुला सांगून जातेय. तिथे विचारतील, याला पिल्लांची जागा कशी कळली."

"विचारतील."

"मी तुझं बोलणं ऐकलं नव्हतं काल. मला काही माहीत नाही. तू गप्प बसलास तर गप्पच राहील."

मसाऊसोने गाडी कचेरीच्या रस्त्याला वळवली.

कचेरीत सिलुंग्वे नावाचे अधिकारी होते. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले आणि पिल्लाच्या फोटोपाशी चष्मा काढून पुसला. मग तोच प्रश्न आला. मसाऊसोने टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं, "मी दाखवली. दोस्त म्हणून दाखवली."

सिलुंग्वेंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तू बोलला नसतास तरी चाललं असतं, न्जोव्हू," ते म्हणाले. "आता मला लिहावं लागेल."

त्यांनी लिहिलं. वेझीला या उद्यानात यायला कायमची बंदी झाली. मसाऊसोचा गाइडचा परवाना एका हंगामासाठी काढून घेतला. कॅम्पवरच्या लोकांनी त्याची कीव केली, काहींनी पाठीमागे त्याला मूर्ख म्हटलं. गावात वेझीच्या आईने त्याच्याशी बोलणं सोडलं. विहिरीवर ती त्याच्या बायकोला, झेलिपाला, वाट देईना. निघताना कपेंब्वाबाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "उंदीरखाऊ, परवाना परत मिळाला की तूच हवास मला." मग गाडीत बसून जोरजोरात नाक शिंकरत राहिल्या.

पाऊस लागला. मसाऊसोने मका पेरला. मार्चमध्ये एके दुपारी वेझी दारात उभा राहिला. हातात साखरेची पिशवी आणि काखेत गुंडाळी. आईला भेटायला आला होता, म्हणाला, तर तुलाही भेटावं. झाल्यागेल्याचं मनात ठेवू नकोस. मग त्याने गुंडाळी उलगडली. कुठल्याशा कंपनीची भिंतीवरची दिनदर्शिका होती. मार्चच्या पानावर सिंहीण होती, कान मागे, तोंड उघडं, डोळे वेडे झालेले. खाली छापलं होतं: मातेचा क्रोध.

"हजारो घरांत लागलीय," वेझी म्हणाला. "तुझ्यामुळे. म्हणून एक आणली. पुढच्या वर्षी मी सरहद्दीपलीकडच्या देशात जातोय. तिथे परवान्याची एवढी कटकट नाही. तुझ्यासारखा जंगल जाणणारा मिळाला तर—"

झेलिपाने तोवर मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा वाढून आणली होती. एका थाळीत दोघांसाठी, बाजूला भेंडीचं कालवण आणि तळलेली मासळी. दारी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नसतं आणि पाहुण्याचे हात यजमानानेच धुवायचे असतात. मसाऊसोने तांब्या उचलला आणि वेझीच्या हातांवर पाणी ओतलं. स्वच्छ हात होते, नखं कापलेली. पाणी बोटांवरून ओघळून परातीत पडताना तो बघत राहिला आणि त्याच्या घशात ती कोरडी उबळ आली.

"ये ना, सुरू कर," वेझीने न्सिमाचा गोळा मोडला.

"तू जेव."

"अरे, एका थाळीत जेवलोय आपण लहानपणापासून."

"जेवलोय," मसाऊसो म्हणाला. "आता नाही जेवता येत मला तुझ्याबरोबर. घास घशाखाली उतरायचा नाही. जेव आणि जा, वेझी. ती साखर घेऊन जा. ते चित्रही."

वेझी हसला, मग हसणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. दोन घास खाल्ले, पाण्याने हात धुतले, झेलिपाला "कालवण बरं झालं होतं हं, वहिनी" म्हणाला आणि गुंडाळी काखेत मारून शेतांमधल्या वाटेने गेला. साखर मात्र उंबऱ्यावर तशीच राहिली.

झेलिपा आतून बाहेर आली. थाळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. थाळीतली न्सिमा मासळीसकट कोंबड्यांपुढे टाकली, साखरेची पिशवी दोन बोटांनी उचलून शेजाऱ्यांच्या म्हातारीकडे देऊन आली आणि चुलीवर पुन्हा आधण ठेवलं.

"मासळी संपली," ती आतून म्हणाली. "नुसत्या भेंडीवर भागेल ना?"

"भागेल," मसाऊसो म्हणाला आणि हात धुवायला उठला.